घरची चटणी मोबाईलवरून विकताना



आपल्या कार्यक्रमाकडं पत्रं येतात ती बहुतेक खत, बियाणं आणि किडीविषयी. मध्यंतरी एक पत्र वेगळं आलं. लिहिणाऱ्या ताईंची दोन एकर कोरडवाहू जमीन आहे. त्यात भुईमूग होतो, आणि हंगामात त्या दुसऱ्याच्या रानात रोजानंही जातात. थोरली मुलगी सातवीत, धाकटा अंगणवाडीत. शेंगदाण्याची चटणी त्यांच्या हातची चांगली होते, पाहुणे आवर्जून बांधून नेतात. शहरातली भाची म्हणते, ‘आत्या, व्हॉट्सॲपवर टाक, विकली जाईल.’ पुढं ताई लिहितात, ‘फोन मालकांच्या खिशात असतो. माझ्याजवळ दीड हजार साठलेत. ते बुडाले तर पुन्हा साठायला वर्ष जाईल. करू का नको?’

प्रश्न एकीचा असला तरी असे दीड हजार पुष्कळ घरांत डब्यात ठेवलेले असतात. म्हणून उत्तर पत्रकातच छापायचं ठरवलं. ताई, धंदा करा. पण दीड हजार एकदम घालू नका, आणि सुरुवात मोबाईलपासून करू नका. सुरुवात तराजूपासून करा.

आधी एक किलोचा हिशेब

एक किलो शेंगदाण्याची चटणी करून बघा आणि प्रत्येक पैसा वहीत लिहा. आम्ही इथं नमुन्याचे भाव धरतो, तुम्ही तुमच्या बाजारचे धरा. शेंगदाणे एक किलो १४० रुपये, लसूण १०० ग्रॅम २० रुपये, तिखट १०० ग्रॅम ३० रुपये, मीठ-जिरं १० रुपये, जळण १० रुपये. झाले २१०. भाजताना घट येते, फोलपटं जातात, खराब दाणे काढून टाकावे लागतात. हे सगळं जाऊन हाती साधारण ११०० ग्रॅम चटणी पडते असं धरू. त्यात २०० ग्रॅमची पाच पाकिटं होतात, आणि १०० ग्रॅम चव दाखवायला उरते. पाकीट आणि त्यावरची चिठ्ठी मिळून सहा रुपये, म्हणजे पाचांचे ३०. एकूण २४०.

इथं बहुतेक बायका हिशेब थांबवतात. पाकीट ६० रुपयांना विकलं, ३०० आले, ६० सुटले म्हणून खूष होतात. पण दाणे निवडणं, भाजणं, सोलणं, कुटणं, भरणं यात दीड तास गेला, त्याचं काय? रानात रोज ४०० धरला तर आठ तासांच्या हिशेबानं तासाचे ५० होतात, दीड तासाचे ७५. ते धरले की खर्च ३१५ वर जातो आणि पाकीट ६३ रुपयांना पडतं. साठाला विकलं तर पाकिटामागं तीन रुपये तुम्ही घरातून घातले. आपल्या हाताला मोल नाही असं घरातल्यांनी मानलं तर मानलं, पण आपणच ते मानू नये. याच भावात पाकीट ८० ला ठेवलं तर मजुरी निघून पाकिटामागं १७ रुपये उरतात. एखादं पाकीट फुटलं, कुणी पैसे बुडवले, शेंगदाणा अचानक चढला, तर ते सोसायचं याच १७ रुपयांतून.

८० ला कुणी घेत नसेल तर ते आत्ताच कळलेलं बरं. २४० रुपयांत कळेल, दीड हजार घालून नव्हे. पहिली पाच पाकिटं पाहुण्यांना देऊ नका. पाहुणा नाव ठेवत नाही. शाळेतल्या बाई, आरोग्य केंद्रातल्या सिस्टर, बँकेतले साहेब अशा पगारदार माणसांना विकत द्या आणि आठ दिवसांनी विचारा, ‘पुन्हा घ्याल का?’ ‘छान होती’ याला किंमत नाही. ‘आणखी दोन द्या’ याला आहे.

दाण्यात काय बघायचं

माल घरच्या शेतातला असला तर तुम्हाला दुकानदारापेक्षा एक पायरी वरची जागा आहे, पण जबाबदारीही तेवढीच. भुईमुगाच्या शेंगा ओल्या राहिल्या की त्यावर बुरशी धरते. पिवळसर हिरवी असते ती फार वाईट. तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष दाण्यात उतरतं आणि ते यकृताला इजा करतं. भाजलं की मरेल अशी पुष्कळांची समजूत असते. भाजण्यानं बुरशी मरते, विष पूर्ण जात नाही. म्हणून शेंगा काढल्यावर चांगल्या वाळवा. मूठभर शेंगा कानाशी हलवल्या की आत दाणा खुळखुळला पाहिजे. फोडलेल्या दाण्यांतले सुरकुतलेले, काळपट, बुरशी लागलेले आणि किडके दाणे हातानं वेचून टाका. ते कोंबडीलाही घालू नका, जनावरालाही नको. एवढं वेचताना जीव हळहळतो, हे आम्हाला ठाऊक आहे. पण शंभरातल्या एका पाकिटानं कुणाचं पोट बिघडलं तर उरलेली नव्याण्णव पाकिटं तुमच्या दारात पडून राहतील. मोबाईलवर चांगली बातमी चालत जाते, वाईट पळत जाते.

लसूण ओला घातला तर चव चांगली लागते, पण चटणी लवकर खवट होते, कधी वासही येतो. विकायच्या चटणीत लसूण कोरडा भाजून घ्या. चटणी पूर्ण गार झाल्याशिवाय पाकिटात भरू नका, नाही तर आत वाफ धरते. हात, चमचा, पाटा किंवा मिक्सरचं भांडं, सगळं कोरडं असू द्या.

किती दिवस टिकते हे कुणाला विचारू नका, स्वतः पाहा. प्रत्येक घाण्यातली दोन-तीन पाकिटं तारीख टाकून फळीवर ठेवा. एक पंधरा दिवसांनी फोडा, दुसरं महिन्यानं, तिसरं दीड महिन्यानं. जिथं वास बदलला त्याच्या बरंच अलीकडचा दिवस चिठ्ठीवर लिहायचा. पुढं कुणी तक्रार केली तर त्याच घाण्यातलं पाकीट तुमच्याजवळ असतं, आणि चूक कुणाची ते कळतं.

नोंदणी आणि चिठ्ठी

घरात केलेला खायचा माल विकायचा तर अन्न सुरक्षेच्या कायद्याखाली नोंदणी लागते. कायदा २००६ चा, नोंदणीचे नियम २०११ चे. त्या नियमांत वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्या छोट्या उत्पादकाला साधी नोंदणी ठेवली आणि तिची फी वर्षाला १०० रुपये ठरवली. असे आकडे सरकार अधूनमधून बदलतं, तेव्हा भरण्याच्या दिवशी तालुक्याच्या सेवा केंद्रात चालू फी विचारून घ्या. फोटो आणि ओळखीचा पुरावा जवळ ठेवा. नोंदणी झाली की १४ आकडी नंबर मिळतो. केंद्रवाला फॉर्म भरण्याचे वेगळे पैसे घेईल, ते आधी ठरवा. शंभराच्या कामाला हजार मागणारेही भेटतात.

पाकिटावर चिठ्ठी लागते, तीवर मालाचं नाव, त्यात काय काय घातलं ते, निव्वळ वजन, केल्याची तारीख, कधीपर्यंत खावं, किंमत, तुमचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन, तो १४ आकडी नंबर आणि हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका. ‘शेंगदाणे आहेत’ हे ठळक लिहा. काही माणसांना शेंगदाणा अजिबात सोसत नाही, त्यांच्या दृष्टीनं तो जीवन-मरणाचा प्रश्न असतो. २०० ग्रॅम म्हणजे पाकीट सोडून २०० ग्रॅम. मोजताना पाच ग्रॅम जास्त पडले तर पडू द्या, कमी नको.

आता मोबाईल

फोन मालकांच्या खिशात असतो, हा प्रश्न लहान नाही. मालक सकाळी रानात गेले की फोनही गेला, आणि गिऱ्हाईक दुपारी विचारतं. आमचं सांगणं असं की, भांडणात शिरू नका, वेळ ठरवून घ्या. संध्याकाळी आठ ते नऊ फोन तुमच्या हातात. चिठ्ठीवरच छापा, ‘मागणी संध्याकाळी ८ ते ९ मध्ये कळवावी.’ गिऱ्हाईक थांबतं. सरकारी कचेरीची वेळ आपण पाळतोच ना? पहिल्या दोन महिन्यांचा नफा साठला की दुसरं सिमकार्ड तुमच्या नावावर घ्या. दोन सिमच्या फोनमध्ये एका नंबरावर साधं व्हॉट्सॲप आणि दुसऱ्या नंबरावर व्हॉट्सॲप बिझनेस अशी दोन्ही चालतात. हे बिझनेस ॲप २०१८ साली आलं, त्याला पैसे पडत नाहीत. त्यात मालाचे फोटो आणि भाव कायमचे मांडून ठेवता येतात, दुकानाच्या फळीसारखे. तुम्ही रानात असताना कुणी विचारलं तर ‘संध्याकाळी आठनंतर कळवते’ असं उत्तर ते आपलं आपण पाठवतं.

फोटोला महागडा फोन लागत नाही. काचेवर पिठाचं, तेलाचं बोट लागलेलं असतं ते पदरानं पुसा. सकाळी दारात, ऊन थेट पडत नाही पण उजेड भरपूर आहे अशा जागी स्वच्छ पांढऱ्या कापडावर पाकीट ठेवा. शेजारी भाकरी आणि चमचाभर चटणी. एक फोटो पाकिटाचा, एक उघड्या चटणीचा, एक दाणे निवडणाऱ्या हातांचा. दुसऱ्याचा फोटो उचलून लावू नका. पोरांचे चेहरे, शाळेचं नाव, घराची खूण पटेल असं दार फोटोत येऊ देऊ नका. स्वतःचा चेहरा दाखवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. हात दाखवूनही माल विकतो.

व्हॉट्सॲपवर तीन रस्ते आहेत. ‘स्टेटस’ला लावलेला फोटो २४ तासांनी निघून जातो, तेव्हा तो माल तयार झाल्याच्या दिवशीच लावा. ‘ग्रुप’ काढला की सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात आणि चटणी राहते बाजूला, सुप्रभातचे फुलांचे फोटो सुरू होतात. भगिनींचे नंबर अनोळखी पुरुषांपुढं उघडे पडतात तो त्रास वेगळाच. तिसरा रस्ता ‘ब्रॉडकास्ट’ यादीचा. निरोप एकदाच लिहायचा, प्रत्येकाला स्वतंत्र पोचतो. अट एवढीच, की समोरच्यानं तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये नावानं साठवलेला असला पाहिजे. म्हणून पाकीट देताना तोंडानं सांगा, ‘नंबर सेव्ह करा.’ यादीत २५६ नावं बसतात, पण सुरुवातीला तीस खऱ्या गिऱ्हाइकांची यादी पुरे. आठवड्याला एक निरोप. रोज पाठवाल तर लोक नंबर बंद करतात, आणि फार तक्रारी गेल्या तर व्हॉट्सॲपवाले खातंच बंद करतात.

निरोपात भाव लिहा. ‘भावासाठी संपर्क करा’ हे बागाईतदाराच्या जमिनीच्या जाहिरातीला शोभतं, चटणीला नाही. असं लिहा: ‘शेंगदाणा चटणी, २०० ग्रॅम, ८० रुपये. घरच्या भुईमुगाची. मागणी बुधवारी रात्री ९ पर्यंत. शुक्रवारी मिळेल. एकूण २० पाकिटं.’ यात काही विचारायचं राहत नाही.

फेसबुक आणि इन्स्टाग्राम नंतर. तिथं हजार लोक बघतात, अंगठा दाखवतात आणि निघून जातात. कोल्हापूरहून मागणी आली तरी पाठवणावळ पाकिटाच्या किमतीएवढी होते. तीस गिऱ्हाइकं तालुक्यात पक्की झाली, मग दूरचं बघा. दूरची मागणी किलोच्या खाली घेऊ नका, पाठवणावळ वेगळी सांगा, आणि स्पीड पोस्टनं पाठवून पावतीचा फोटो गिऱ्हाइकाला धाडा. शेंगदाण्याला तेल सुटतं, म्हणून पाकीट दुहेरी करा.

पैसे कुठं अडकतात, कुठं जातात

आमच्या घरातलीच गोष्ट सांगतो. वहिनींनी लाडवांचा धंदा सुरू केला. चार महिने रोखीत छान चालला. मग एका मोठ्या दुकानदारानं चाळीस पाकिटं मागितली, पैसे महिन्यानं देतो म्हणाला. घरात आनंद. महिन्याचे तीन झाले, मग अर्धे पैसे आले, अर्धे ‘माल परत गेला’ म्हणून कापले. परत गेलेला माल काही आम्हाला दिसला नाही. तूप-गुळाची उधारी वहिनींनी हातातली अंगठी ठेवून भागवली, आणि धंदा तिथंच थांबला. मागणी मोठी आली की आधी विचारा, अर्धे पैसे आगाऊ देता का? नाही म्हणाला तर पाचच पाकिटं द्या.

पैसे तुमच्या स्वतःच्या बँक खात्यात येऊ द्या, निदान धंद्याचे तरी. २०१६ पासून यूपीआय आलं, तेव्हापासून क्यूआरची छापील चौकोनी चिठ्ठी दाखवली की पैसे थेट खात्यात पडतात. तीन गोष्टी मात्र भिंतीवर लिहून ठेवा. पैसे घ्यायला पिन कधीही लागत नाही. पिन लागतो तो पैसे द्यायला. कुणी फोनवर म्हणालं, ‘मी सैन्यातला साहेब बोलतो, पन्नास किलो पाहिजे, मी पाठवलेला क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील’, तर तो चोर आहे, फोन ठेवा. दुसरं, पैसे पाठवल्याचा फोटो म्हणजे पैसे नव्हेत. तसले फोटो बनवता येतात. आपल्या खात्यात पाहून मगच पाकीट द्या. तिसरं, ओटीपी बँकेच्या माणसालासुद्धा सांगायचा नाही. एवढं करूनही फसलात तर लाजू नका, लपवू नका, ताबडतोब १९३० नंबरला फोन लावा. जितका उशीर तितके पैसे पुढं सरकतात.

पोरं, रान आणि कढई

ताई, तुमच्या पत्रात सगळ्यात कठीण ओळ होती ती ही, ‘रात्री दहाला पाठ टेकते.’ या दिवसात चटणी बसवायची कुठं? रोज थोडी थोडी करू नका. आठवड्यात एकच दिवस धरा. मागणी बुधवारी रात्री बंद, दाणे निवडणं त्याच रात्री बसल्या बसल्या, गुरुवारी भाजणं-कुटणं, शुक्रवारी देणं. तीन-चार किलोच्या वर पहिले तीन महिने जाऊ नका. पेरणीच्या आणि काढणीच्या आठवड्यात सरळ निरोप धाडा, ‘दोन आठवडे चटणी नाही.’ गिऱ्हाईक रागावत नाही. कबूल करून दिलं नाही तर रागावतं.

अंगणवाडीतलं पोर घरात असताना गरम कढई खाली ठेवू नका. भाजायचं काम अंगणवाडीच्या वेळेत बसवा. थोरल्या मुलीला चिठ्ठ्या लिहायला, हिशेब मांडायला घ्या, तिला गणित येईल. पण तिच्या अभ्यासाच्या वेळेत दाणे सोलायला बसवू नका. तिच्यासाठीच तर हे चाललंय.

एकटीनं जमत नसेल तर शेजारच्या दोघी मिळून करा. आपण घरोघरी खातो त्या लिज्जत पापडाची सुरुवात १९५९ च्या मार्च महिन्यात मुंबईत गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर केली. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड पसरले, खाली स्टोव्ह पेटवला. त्यांच्याजवळ मोबाईल नव्हता, पण भावाची आणि चवीची शिस्त पहिल्यापासून होती. भागीदारीत एक मात्र करा, वही एकीकडं आणि पैशाचा डबा दुसरीकडं. मैत्रिणी तुटतात त्या तोंडी हिशेबानं.

बचत गटात असाल तर ‘उमेद’च्या गावातल्या ताईंना भेटा, प्रदर्शनात जागा मिळू शकते. अन्न प्रक्रियेच्या छोट्या उद्योगांसाठी केंद्राची एक योजना २०२० साली सुरू झाली. तीत गटातल्या सदस्याला ४० हजारांपर्यंत बीज भांडवल आणि यंत्रासाठी बँक कर्जाशी जोडलेलं ३५ टक्के अनुदान ठेवलं होतं. आता त्यातलं काय चालू आहे ते तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कचेरीत समक्ष विचारा. ‘उद्यम’ नोंदणीला सरकार फी घेत नाही. पण अनुदानासाठी धंदा काढू नका. धंदा चालला, यंत्र कमी पडायला लागलं, मग अनुदानाकडं वळा.

तर ताई, तुमच्या दीड हजारांतले पहिल्या घाण्याला २४० आणि नोंदणीला शंभर-दोनशे एवढेच बाहेर काढा. बाकीचे डब्यातच राहू द्या. दुसरा घाणा पहिल्याच्या पैशातून झाला पाहिजे. तो तसा होत नसेल तर भाव, चव किंवा गिऱ्हाईक यांतलं एक काही तरी चुकलंय. वही घेऊन आम्हाला लिहा, आपण मिळून शोधू. चार आठवड्यांचा हिशेब पाठवा: किती किलो केली, किती विकली, उधारी किती, आणि तुमचे तास किती गेले. पत्रावर नाव घातलं नाही तरी चालेल, आकडे तेवढे खरे घाला.